टोळीच्या तेलाची बाटली

पोंभुर्णा
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय बाबा,

जय भीम. दादाकडे कोरपन्याला तुमची तब्येत बरी असेल आणि राग अजून तसाच असेल, असं धरून लिहायला बसले आहे. गावानं फुटबॉल क्लब आरागिरणीच्या शेठला दिला, त्यानं तुमच्या जागी बल्लारपूरचा मुखरू कोच म्हणून आणला, आणि त्याच दिवशी तुम्ही शिट्टी टेबलावर आपटून निघून गेलात. क्लबचं नावही माझ्यासमोर काढायचं नाही, म्हणालात. आठ महिने ऐकलं. आज ऐकणार नाही.

हा मुखरू आधी मलाही डोळ्यांसमोर नको होता. पोरांना रांगेत उभं करायचा, वहीत आकृत्या काढायचा. तुम्ही दर शनिवारी चेंडूला मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल चोळायचात, हे ऐकून तर हसलाच. शेठनं नवेकोरे चेंडू आणलेत, त्यांना कशाला तेल, म्हणे. मग ऑगस्टात मूल गावच्या संघाशी भर पावसात सामना झाला. चेंडू पाणी पिऊन कोहळ्यासारखा जड झाला. आपल्या नथ्थूनं त्याला डोकं लावलं आणि तिथंच मटकन बसला. चार गोल खाल्ले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

त्याच शनिवारी मुखरू चेंडू काखेत घेऊन आपल्या दारात उभा. 'वच्छलाबाई, माहं चुकलं. बाबा कसं करत होते, मले दाखवता का?' बाबा, चूक कबूल करणारा पुरुष आपल्या घरात मी पहिल्यांदाच पाहिला. मग तुमची बाटली काढली आणि दाखवलं: तेल कोमट करायचं, आधी शिवणीत भरायचं, मग अंगठ्यानं गोल गोल चोळायचं. पहिल्या दिवशी त्यानं इतकं ओतलं की चेंडू हातात राहीना, अंगणभर पळत होता. आई आणि मी पोट धरून हसलो. तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर संघ चंद्रपूरच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. एका गोलानं हरलो. शेठचा उत्साह तिथंच संपला, क्लबवरची त्याच्या नावाची पाटी उतरली, क्लब पुन्हा गावाचा झाला. मुखरूचा पगार बंद झाला, तरी तो गेला नाही. आश्रमशाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला, संध्याकाळी पोरांना शिकवतो. हरून आला तेव्हा म्हणाला, 'बाबा असते तं हारलो नसतो.' तुम्हाला आवडावं म्हणून हे लिहीत नाही. आवडेल, हे मात्र माहीत आहे.

आता खरं सांगते. तेलाची बाटली डिसेंबरातच संपली. मी त्याला तसं सांगितलंही. तरी तो दर शनिवारी येतो, मी चहा टाकते, आणि आई न विचारता तीन कप काढते. मला तो आवडतो, बाबा. येत्या रविवारी तो कोरपन्याला येतोय, मला मागायला. बोलताना अडखळेल, तिकडे लक्ष देऊ नका. सोबत चेंडू असेल, त्याच्या शिवणीतून अंगठा फिरवून बघा. तेल त्यानं स्वतः मिळवलंय, चोळलंयही त्यानंच, मी बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि त्याच्या खिशात तुमची शिट्टी असेल. आठ महिन्यांत त्यानं ती एकदाही वाजवली नाही. ती घेऊन घरी या.

अजून तरी फक्त तुमचीच,
वच्छला