दोन जूनचा अंपायर

प्रिय डेलिया,

अक्षर आईचं असलं तरी बोलणं माझंच आहे. मी एकेक शब्द चघळत बोलतो आणि ती "काय? काय?" करत लिहून घेते. मध्येच तिचं एखादं वाक्य घुसलं तर ओळखून घे.

परवा दवाखान्यात गेलो होतो. तिथं शाळेतल्या एक बाई व्हीलचेअरवरून येतात, टोपीवर भला मोठा चारचा आकडा. बेसबॉलवाल्या लू गेरिगच्या शर्टावरचा आकडा; आपला हा स्नायू लुळे करत नेणारा आजार त्यालाही झाला होता. "ज्याच्या नावानं हा आजार ओळखतात, तो माणूस तरी चांगला मिळाला आपल्याला," असं त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळे पेशंट खो खो हसलो. फार बरं वाटलं.

लोकांना त्याचे फटके आठवतात, ते निरोपाचं भाषण आठवतं. मी पडलो अंपायर, मला वेगळंच आठवतं. वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवलेला तो गडी एके दिवशी आपणहून मॅनेजरला म्हणाला, आज मला बाहेर बसव. आणि कप्तान म्हणून खेळाडूंच्या नावांचा कागद अंपायरला द्यायला स्वतःच चालत गेला. त्या कागदावर त्याचं नाव नव्हतं. मी त्या अंपायरचाच विचार करत बसतो. असा कागद हातात आल्यावर काय बोलायचं? घ्यायचा आणि खेळ सुरू करायचा.

गेल्या वर्षी दोन जूनला, गेरिग दिवसाच्या सामन्यात, मी बॅटरच्या पायाशी असते ती पांढरी पाटी, होम प्लेट, झाडायला वाकलो आणि मला उठताच येईना. पहिल्या बेसवर तू अंपायर होतीस, तिथून धावत आलीस. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, आणि खरं सांगतो, त्या टाळ्यांनी मी घाबरलो. ज्यांनी जन्मभर मला आंधळा म्हटलं, ते टाळ्या वाजवतायत म्हणजे आपलं संपलंच. तेवढ्यात तिसऱ्या बेसमागच्या बाकावरून, दर सामन्यात मला शिव्या घालणारा ओटिस प्रूइट ओरडला, "अरे ऊठ की! तुझे डोळे तिथं मातीत सापडायचे नाहीत!" आई त्याच्यावर अजून चिडलेली आहे. मला मात्र त्याला मिठी मारावीशी वाटली. (हे सांगताना बाबा रडतायत. – आई) आईनं आत्ता काय लिहिलं ते ती मला दाखवत नाहीये.

यंदाच्या सामन्यात होम प्लेटमागे उभं राहायला तू नकार दिलास म्हणे. बाबांच्या जागी उभी राहणार नाही, असं कळवलंस. पोरी, एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, हे तूच शाळेतल्या पोरांना शिकवतेस. तू जागा रिकामी ठेवलीस म्हणून मी काही परत येणार नाही. होम प्लेटमागे कुणी परका उभा राहील, आणि ते मला बघवणार नाही.

म्हणून हे पत्र. काल लीगवाल्यांना सांगून मीच माझं नाव काढायला लावलं आणि तिथं तुझं घालायला लावलं. सोबत माझा ब्रश पाठवतोय. झाडताना पाठ खेळाडूंकडे, तोंड प्रेक्षकांकडे, विसरू नकोस. मी ओटिसच्या शेजारीच बसणार आहे. त्याला सगळं पढवून ठेवलंय. तू पहिला निर्णय दिलास की पहिली शिवी माझी असेल, आवाज तेवढा ओटिसचा.

तुझाच,
बाबा