पेईच्या पाकिटातले सहाशे

चांगह्वा,
बाराव्या महिन्याची सव्वीस

सौभाग्यवती युए-च्याओ ताईस,

धाकट्या बी-श्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. भावोजींचा गुडघा थंडीनं धरला असेल. आल्याचा शेक द्यावा, त्या महागाच्या पट्ट्या आणू नयेत. पेईची परीक्षा चांगली गेली असेल. इकडे सगळे सुखरूप. सासूबाईंना नवी कवळी बसली असून तिचे पैसे वसूल व्हावेत म्हणून त्या दिवसभर काहीतरी चघळत असतात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे, शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

नववर्षाच्या खर्चाला यंदा मी वहीत सव्वीस हजार युआनची रेघ मारली होती. त्यापुढे एक युआन नाही. मासा आणायचा आणि तो उरवायचा (आपल्या पूर्वजांनी एवढी एकच रीत माझ्या स्वभावाला धरून घालून दिली आहे). चुलीच्या देवाला निरोप देताना ओठांना लावायची चिकट मिठाई अर्धाच डबा घेतली. वर जाऊन आपल्याबद्दल चार बरे शब्द सांगायचे, त्याला आख्खा डबा कशाला? घरी आल्यावर मात्र वाटलं, अर्ध्याच तोंडाला मिठाई लागली तर तो अर्धंच बरं सांगेल आणि उरलेल्या अर्ध्यात माझी वही काढेल. परत गेले, उरलेली अर्धी आणली. आख्खा डबा न घेता दोनदा सुटी घेतल्यामुळे ती दहा युआन महाग पडली.

पण खरा घोळ केला कोंबडीनं. यांच्या स्कूटर दुरुस्तीच्या कारखान्यात वर्षअखेरचं जेवण झालं. आख्खी कोंबडी ताटात होती आणि तिची चोच नेमकी यांच्याकडे! त्या जेवणात कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे, त्याला मालक नव्या वर्षात घरी बसवणार, हे तुला मी काय सांगू? हे घरी आले ते तोंड पाडूनच. "बावीस वर्षं नटबोल्ट आवळले," म्हणाले, "आणि निरोप कोंबडीकडून!" त्यावर सासूबाई, "शिजली होती का नीट?" मग हे एकदम म्हणाले, "आता कुणाच्या हाताखाली नाही. स्वतःचं दुकान टाकतो." ताई, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच 'टाकतो' म्हणाले. एरवी 'बघू' म्हणतात. मी लगेच वही उघडली आणि सव्वीस हजारांवर काट मारून अठरा लिहिले. उरतील ते दुकानाला.

नवा धंदा म्हणजे भूमिदेवाकडून बी-भांडवल उसनं आणायला हवं, आणि त्याआधी गेल्या वर्षीचं फेडायला हवं. गेल्या वर्षी देवानं मला सहाशे दिले होते. देवाचा पैसा घरात राहिला की त्याला पैसा येऊन मिळतो, म्हणून मी ते लाल पाकिटात घालून कपाटात कुलपात ठेवले होते. परवा पाकीट उघडलं, तर आत बाराशे! देवानं दुप्पट केले असं समजून मी तिथेच नमस्कारसुद्धा केला. मग पाकीट उलटं करून बघते, तर मागे माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'पेई.'

ताई, आलं ना लक्षात? गेल्या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, माहेरी, आईच्या देखत, मी पेईच्या हातात ठेवलं ते देवाचं पाकीट. तू माझ्या दोन्ही कार्ट्यांना नववर्षाच्या पाकिटात बाराशे-बाराशे दिलेस आणि मी तुझ्या एकुलत्या एक लेकीला सहाशे! तुझी भुवई वर गेलेली मी पाहिली होती. मला वाटलं, आईच्या सूपात मीठ जास्त झालं. मग वर्षभर फोनवर तुझं 'हं', 'बरं', 'ठेवते'. मी म्हणायची, न्याहारीचं दुकान जोरात चाललं, ताईला गर्व झाला. मनातल्या मनात मी तुला पुष्कळ बोलले आहे. त्याचं प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस नुसत्या भाजीवर काढले, ते कशाबद्दल हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि तुझं दुकान चालणारच की! मार्चमध्ये दाराशी रांग, ऑगस्टमध्ये दुप्पट मोठी जागा. इकडे आमचं कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं. लक्ष्मी कुलपात आहे म्हणून मी निर्धास्त, आणि ती तुझ्याकडे सोयाचं दूध उकळत होती.

काल देवळात जाऊन मी सगळं खरं सांगितलं आणि कौल लावला. "देवा, ताईकडून त्याच नोटा परत मागू का?" दोन्ही लाकडी तुकडे सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देव हसला. "मग माझ्या पदरच्या भरू का?" पुन्हा हसला. तिथला म्हातारा कारकून म्हणाला, "बाई, देव नोटांचे नंबर लिहून ठेवत नाही." मी म्हटलं, "मी ठेवते," आणि वही दाखवली. तोही हसला. शेवटी विचारलं, "ताईला खरं सांगू का?" एक सपाट, एक पालथा. होकार! सहाशे आणि वर शंभर भरून मी पावती घेतली. नव्या उसनवारीला कौलाच्या पहिल्याच फेकीत होकार आला आणि सहाशे मिळाले. ते पाकीट सध्या माझ्या उशीखाली आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'देव' लिहिलं आहे.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी भेटूच. राग असेल तर घरी ठेवून ये.

तुझी,
बी-श्या

ता. क. आई म्हणत होती, मोठ्या जागेत गेल्यापासून तुझा जुना गाळा बंद आहे, आणि जूनपर्यंतचं भाडं तू आधीच भरून बसली आहेस. बंद शटरला गंज चढतो. हे स्कूटरवरून अर्ध्या तासात तुमच्या ताइचुंगला पोचतात आणि शटरला तेल घालणं यांच्या हातचा मळ आहे. नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही येणार नाही. आलं तर भाजीवर राहीन.

ता. क. दोन. सोबत पेईचे सहाशे. बाराशेतले सहाशे तिला पोचले आहेत. तू दरवर्षी दोन पाकिटं देतेस आणि मी एक, हा फरक मी वहीत कधी मांडला नाही. तूही मांडू नकोस.

ता. क. तीन. पत्र पुन्हा उघडावं लागलं (भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, म्हणून लिफाफा वाचला). आत्ताच यांचे मालक संत्री घेऊन आले होते. म्हणाले, "अरे, कुणाच्या पोटात गोळा नको म्हणून कोंबडीचं तोंड मी दरवर्षी माझ्याकडेच वळवून ठेवतो. मी पेला घेऊन सगळ्यांना भेटायला उठलो, तर तू माझ्याच खुर्चीत!" हे म्हणाले, "तिथून मासा जवळ होता." मालक म्हणाले, "मला वाटलं, तुला मालक व्हायचंय. बरं वाटलं हो मला! तुला द्यायला जुना हवेचा पंपही आणलाय." म्हणजे नोकरी शाबूत आहे, ताई. पत्रातलं निम्मं आता लागू नाही, पण तिकीट लावून झालं आहे. मी यांना म्हटलं, "चला, मग गाळ्याचं खोडते." तर हे पंप पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "टाकतो म्हटलं ना!"

येताना किल्ली आण.