दीड इंचाची कड

राजारामपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. सरोजिनीस अ. उ. आ.

घराचं काम संपलं. हॉलला संगमरवर बसलाय. येशील तेव्हा चपला बाहेर काढ, नाहीतर वहिनी तुलाच बाहेर काढेल. आईच्या खोलीत जुनी शहाबादीच ठेवली. तिथं कोण बघायला येतंय? जुन्या फरशीवरच संगमरवर घातल्यानं तिच्या दाराशी दीड इंचाची कड आलीय. अण्णासो गवंडी म्हणत होता, सांध्याला उतार देतो, म्हातारं माणूस हाय. मी नको म्हटलं. पॉलिशची कड काय सुरेख दिसते!

जावईबापूंस नमस्कार. माया आहेच, ती वाढव.
वसंतदादा

आजरा
१२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

घर झाल्याचं वाचून आनंद झाला, पण त्या कडेनं चित्त थाऱ्यावर नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाय उचलत नाही, घासत चालते. संडासाला जायचं तरी हॉलमधूनच. अण्णासोला बोलाव ना, अर्ध्या दिवसाचं काम. नाहीतर हे रविवारी येऊन सिमेंटचा उतार करून देतील. तू फक्त हो म्हण.

धाकटीवरची माया पातळ करू नकोस.
सरोजिनी

कोल्हापूर
५ मार्च

चि. सौ. सरोजिनीस आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं. मंगळवारी आई त्या कडेला अडखळून पडली. खुबा मोडला. आम्ही दोघं ऑफिसात. दुपारी शालूबाई भांड्यांना येईपर्यंत तिथंच पडून होती. सांध्यातलं पांढरं सिमेंट पिवळं पडलं, ॲसिडनंही डाग जाईना. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. या वयात कशाला चिरायचं, असं मी सांगितलं. अण्णासो दारात येऊन म्हणाला, मी सांगितलं हुतं की. हाकलला त्याला.

रविवारी वास्तुशांत आहे. पाहुण्यांत कण्हणं बरं दिसत नाही. पत्र एसटीच्या कंडक्टरकडं देतोय. शनिवारी जीप करून तिला घेऊन जा. लेकच ती, तुला जमेल.

वसंतदादा

आजरा
१८ मार्च

दादा,

आई सोमवारी सकाळी गेली.

येताना प्रत्येक खड्ड्याला तिनं माझं मनगट आवळलं, पण तोंडातून आवाज नाही. सूनबाईला ऐकू जाईल, म्हणाली. गारगोटी मागं पडल्यावर मी सांगितलं, वहिनी लांब राहिली, आता ओरड. तेव्हा ओरडली.

भेटायला आलेल्या प्रत्येकीला सांगायची, चूक माझीच, वसंताचं घर फार देखणं झालंय. शेवटचे दोन दिवस तू कधी येणार, एवढंच विचारत होती. निघालाय, असं मी सांगत राहिले.

तुला फोन केला नाही. समोरच्या दुकानात होता, तरी केला नाही. अग्नी यांनी दिला. पत्र पोचेल तोवर अस्थी नदीत गेलेल्या असतील. तुला करण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.

सरोजिनी