मिनलचं दुखणं

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२४

चि. क्षितिजास अ. उ. आशीर्वाद.

बाबांनी फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणून हसशील. पण घरात कुणी फोनवर बोललं की मिनलला वाटतं, आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. तूही फोन करू नकोस, पत्रच पाठव.

तुझी धाकटी बहीण दहा दिवस धड झोपलेली नाही. गोडदेवच्या क्लासमधली मुलं आपल्यावर पाळत ठेवतात म्हणते. मधेच हसते, मधेच मला ओळखत नाही. काही खात नसली तरी तोंड चघळल्यासारखं हलत राहतं. तुझ्या आईने दृष्टही काढली. शेजारच्या उर्मिलाबेन म्हणतात, लग्न लावून द्या, ठीक होईल. आपल्या घरात मेंदूचं कळणारी तू एकटी. तू म्हणशील तसं करीन.

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर पाठव.
बाबा

बंगळुरू
९ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. नमस्कार.

अहो, मी उंदरांच्या मेंदूवाली! ग्लुटामेट नावाचं रसायन मेंदूतल्या पेशीपेशींत निरोप पोचवतं. तो घेणारे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात. त्यातले किती बाहेर ठेवायचे, किती आत ओढून घ्यायचे, हे पेशी सतत ठरवत असते. आपलं शिकणं, आठवणं त्यावरच चालतं. मी दिवसभर तेच मोजते. मिनलबाईंच्या नाटकांवरचं औषध त्यात नाही.

तिचं क्लासमधल्या जितेंद्रशी बिनसलंय, तुम्हाला सांगितलं नसेल. राईचा पर्वत करायची सवय जुनीच आहे. मानसोपचाराच्या दवाखान्यात नेऊ नका, लोक जन्मभर बोलतील. महिनाभर क्लास बंद करा आणि फार चुचकारू नका. मी आले की तिचा कान धरते.

आईला नमस्कार. रागावलात तरी जीव लावाच.
क्षितिजा

बंगळुरू
१८ डिसेंबर

ती. बाबांना नमस्कार.

मिनलचं तेरावं आटोपून आले, पण लॅबमध्ये पाऊल टाकवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते डोक्यातून जात नाही. तिच्याच शरीरातली प्रतिपिंडं ग्लुटामेटच्या रिसेप्टरांना चिकटली आणि पेशींनी ते आत ओढून घेतले. झटके आल्यावर तुम्ही तिला नेलंत. आधी नेलं असतं तर बहुधा वाचली असती.

बाबा, हा आजार मला माहीत होता. त्याची लक्षणं मी वाचली होती, तोंडाचं ते हलणंसुद्धा. तुमच्या पत्रात सगळं होतं आणि मी तिला नाटकी म्हटलं. आई मला काही विचारत नाही, उलट माझ्याच गळ्यात पडून रडते. ते सहन होत नाही. २८ला येऊन तिला सगळं सांगणार आहे.

यापुढे माया कमी झाली तरी माझी तक्रार नाही.
क्षितिजा

इंद्रलोक
२२ डिसेंबर

चि. क्षितिजास आशीर्वाद.

तू ये, पण आईला काही सांगू नकोस. मिनल गेली त्या दिवशी आईने मला विचारलं की क्षितिजाने काय लिहिलं होतं. मी म्हणालो, लगेच मोठ्या डॉक्टरांकडे न्या असं लिहिलं होतं, मीच लोकांना भिऊन ढकललं. अगदीच खोटं नाही ते. भीती मलाही होती, तुझ्या पत्राने निमित्त मिळालं. रोज डोळ्यांसमोर तर मिनल माझ्याच होती ना. तुझं ते पत्र मी जाळून टाकलंय.

तेव्हापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. माझं काय, मी सोसेन. पण तिला बोलायला, रडायला आता तूच उरलीस. तेवढं तिच्यापासून काढून घेऊ नकोस.

बाबा