चौथा ढीग

२ सप्टेंबर

पाटी लागली. खिंडीच्या तोंडाशी, दोन लोखंडी खांबांवर. मिएताने वाचून दाखवली. मी म्हटलं पुन्हा वाच. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच — ‘संरक्षित वारसा वाट. बकऱ्या, गाढवं, गाड्यांना मनाई. ढिगांवर दगड ठेवू नये. ढिगांवरचा दगड हलवू नये.’

तीन भाषांत लिहिलंय. आमची नामा भाषा त्यात नाही. म्हणजे मनाई आम्हाला, पण आम्हाला सांगायची गरज नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, मिएता लिहिते. माझी नात. दवाखान्यात कार्डं लिहिते, अक्षर टपोरं आहे. तिला बजावलंय, मी शिवी दिली तर शिवीच लिहायची. ‘रुग्ण अस्वस्थ’ असलं काही चालणार नाही.

३ सप्टेंबर

काल राग आला होता. आज जास्त आलाय.

४ सप्टेंबर

नूरिस गावातून गारीप नदीवर जायचं तर ही एकच खिंड. दोन दिवसांची चाल. वाटेत सात ढीग. प्रत्येकाशी थांबायचं, एक दगड ठेवायचा, वासाच्या झुडपाची एक डहाळी ठेवायची आणि म्हणायचं, आजोबा, चारा दे, पाणी दे. तिथे हाइत्सी-आयबिब निजलाय. तो मरतो, उठतो, पुढे चालतो, पुन्हा मरतो. म्हणून आम्हा सगळ्यांच्या या आजोबाची थडगी इतकी. रविवारी मी चर्चमध्येही बसते, पहिल्या बाकावर. पाद्रीबाबाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ढीग वाढतो तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताने. आता म्हणे हात लावू नका, जपायचाय. जेवणाऱ्यासमोरून ताट उचलायचं आणि त्याचं तोंड बघत बसायचं, त्यातला प्रकार!

आणि बकऱ्या? बासष्ट आहेत. गावची विहीर सप्टेंबर संपेपर्यंत तळाला जाते. ऑक्टोबर लागता लागता कळप नदीवर पोचला पाहिजे, नाहीतर पिल्लं जगत नाहीत. हे मी सांगत नाही, पिल्लं सांगतात.

५ सप्टेंबर

सगळ्यात मोठा राग कोणाचा येतो सांगू? माझा स्वतःचा. वाट वाचवा म्हणून अर्जावर पहिला अंगठा माझा! खाणवाले आले होते दोन वर्षांपूर्वी. डोंगर करवतीने कापून त्याच्या फरश्या करायच्या होत्या, कुठल्या तरी शहरात लोकांच्या ओट्यांना बसवायला. माझ्या सासूच्या चालण्याच्या वाटेवर कोणीतरी कांदे चिरणार. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून. सभेत टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

डोंगर वाचवायला वारसा खात्याला बोलावलं. त्यांनी डोंगर खाणवाल्यांपासून वाचवला आणि लगे हात माझ्यापासूनही.

८ सप्टेंबर

खात्याच्या लिएझल मॅडम आल्या. पोर चांगली आहे, उन्हाने नाक सोललेलं. चहा दिला, निखाऱ्यावरची भाकरी दिली. मग म्हटलं, “पाटी कोणी लिहिली?”

“समितीने, आजी.”

“समितीकडे बकऱ्या आहेत?”

हसली. म्हणे, बकऱ्यांच्या खुरांनी वाट झिजते.

“अगं, खुरांनीच झालीय ती. तुला काय वाटलं, झाडूने?”

म्हणे, बकऱ्या डांबरी रस्त्याने न्या. पाच दिवस लागतात, वाटेत पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, तूच ने, मी तुझ्या कचेरीत बसते. मिएताने माझा पाय दाबला. मी तिचा दाबला.

मग मॅडम हळू आवाजात बोलली. पाटी अजून तात्पुरतीच आहे, खाणवाल्यांच्या वकिलाने हरकत घेतली आहे. तो म्हणतो, वाट जुनी नाहीच, चार मेंढपाळांनी परवा पाडलेली पाऊलवाट आहे. सोळा तारखेला सुनावणी. “आपली सगळी मदार चौथ्या ढिगावर आहे, आजी. तळाच्या दगडांवर वर्षानुवर्षं चढलेला थर पाहिला आम्ही. तीनशे वर्षं तरी. आणि तुम्हीही सांगितलं होतंत मागच्या वर्षी, फार जुना म्हणून.”

मी तिला आणखी चहा दिला.

९ सप्टेंबर

चौथा ढीग. अरे देवा.

१० सप्टेंबर

मिएता, लिही. थांबू नकोस आणि माझ्याकडे असं बघू नकोस.

चौथा ढीग आम्ही रचला. मी, माझा नवरा, माझा दीर दाविद आणि मागून आलेली चार घरं. मिएताची आई तेव्हा माझ्या पोटात होती. म्हणजे सेहेचाळीस वर्षं झाली. त्या साली ओढा फुटला आणि खिंडीचा मधला भाग वाहून गेला, ढिगासकट. बकऱ्या तर न्यायच्या होत्या. आम्ही वाट वर सरकवली. जुन्या ढिगाचे जे दगड पाण्याने सोडले होते ते गाढवावर घालून आणले, तळाला रचले, आणि पुढे चालू लागलो. त्यात काय एवढं! पाणी जागा बदलतं, वाट बदलते, आजोबा पण बदलतो. माझ्या सासूच्या काळात सहावा सरकला होता.

तर दगड जुने. ढीग माझ्या पोरीच्या वयाचा.

मग मॅडमला ‘फार जुना’ का म्हटलं? ती पाहुणी होती. हातात माझा चहा होता. इतक्या हौसेने विचारत होती — “फार जुना असेल ना, आजी?” आमच्याकडे घरात बसलेल्या पाहुण्याला कोणी ‘नाही’ म्हणतं का? तिने ढीग निळा आहे का विचारलं असतं तर मी निळा म्हटलं असतं. आणि तिने ते कागदावर लिहून घेतलं! शिकलेल्या लोकांची हीच खोड. आपण चहाबरोबर दिलेलं ते फायलीत ठेवतात.

मिएता विचारते, “आजी, खरं सांगितलं तर?”

खरं सांगितलं तर वकील जिंकतो, डोंगराच्या फरश्या होतात. गप्प बसले तर डोंगर राहतो, पण मी माझ्याच वाटेवर चोर ठरते. सांग आता, दवाखान्यात यावर गोळी आहे?

१३ सप्टेंबर

दाविद आला. त्याला सगळं सांगितलं. तंबाखू चोळली. मग म्हणाला, “वहिनी, आयुष्यात एकदा गप्प बसायची वेळ आली, आणि ती नेमकी तुझ्यावर.”

हाकलून दिला.

१६ सप्टेंबर

सुनावणी. शाळेचा हॉल. म्हाताऱ्यांनी सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. चौथ्या ढिगावर ज्यांनी दगड वाहिले त्यातले माझ्याखेरीज सहाजण जिवंत आहेत, सहाही एका रांगेत, हात मांडीवर, जणू फोटो काढायचाय.

वकील तरुण, बूट नवे. मला उभं केलं.

“आजी, चौथा ढीग किती वर्षांचा?”

“तिथे हाइत्सी-आयबिब निजलाय.”

“ते ठीक. पण वर्षं?”

“तो मरतो, उठतो, पुढे जाऊन पुन्हा मरतो. कुठल्या वेळच्या मरणाचं विचारताय?”

लोक हसले. तो लाल झाला. “हो किंवा नाही सांगा. ढीग तीनशे वर्षांचा आहे?”

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही चर्चला जाता. तिसऱ्या दिवशी उठला त्याच्या थडग्याचं वय कधी मोजायला मागितलंत?”

पाद्रीबाबा बुटांकडे बघत राहिला. सहाजणांनी मान हलवली, एकदम. अध्यक्षांनी मला बसवलं. एकही शब्द खोटा बोलले नाही. मॅडमने लांबून माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला. बिचारी.

घरी येताना मिएताने माझं कोपर धरलं. मग म्हणाली, “आजी, तुला गप्प बसता येतं हे आईला कळवू का?”

२४ सप्टेंबर

आज वारसा दिन. सगळीकडे सुट्टी, आमच्याकडे मंडप. घोषणा झाली — आपण जिंकलो. अख्ख्या डोंगरावर खोदकाम बंद, कायमचं. लोक नाचले, मीही नाचले, कमरेने नको म्हटलं तरी.

मग दुसरा कागद वाचला. वाटेच्या दोन्ही बाजूंना पन्नास पावलं बकऱ्या बंद, दगड ठेवणं बंद. आम्ही? “तुम्ही चालू शकता, आजी. परवाना घेऊन, बकऱ्यांशिवाय.” बकऱ्यांशिवाय मी नदीवर कशाला जाऊ, पोहायला?

मांस भाजलं, भाषणं झाली. ‘या समाजाची जिवंत परंपरा’ असं तीनदा म्हणाले. मला व्यासपीठावर बोलावून एक बनियन दिला, छातीवर चौथ्या ढिगाचं चित्र. मिएता म्हणते, बनियन नाही, टी-शर्ट. असेल. चित्रावर दगड ठेवायला बंदी आहे का, ते विचारायचं राहिलं.

२७ सप्टेंबर

दोन पिल्लं गेली. विहिरीतून दोर वर येतो तो अर्धा चिखलाचा. कचेरीत अर्ज दिला तेव्हा बाई म्हणाली, विचार करायला साठ दिवस लागतात. विचार तरी कसला, बासष्ट आता साठ झाल्या, दिवसाला एक धरून चाल.

मी ओरडले. मिएता म्हणाली, त्या बाईची चूक नाही. माहीत आहे. चूक असलेली माणसं कधी खिडकीत बसत नाहीत.

२९ सप्टेंबर

दाविद पहाटेच काठी आणि पाण्याची कातडी पिशवी घेऊन गेलाय. कुठे ते त्याच्या सुनेलाही ठाऊक नाही. ब्याऐंशीचा आहे तो. आला की दुसरी काठी मी घालणार आहे.

३० सप्टेंबर

आला. पायाला फोड, चेहऱ्यावर हसू. काठी घातली नाही.

४ ऑक्टोबर

कळप नदीवर पोचला. अठ्ठावन्न. पाटीच्या वाटेला हात लावला नाही. आता वाट दाविदने शोधून काढलेल्या पूर्वेच्या उतारावरून जाते, मिएताने मोजली, पाटीच्या वाटेपासून ऐंशी पावलं. अख्खं गाव आलं होतं, चर्चचे लोकही. नवा ढीग सध्या माझ्या गुडघ्याइतका आहे.