दाराखालून सरकवलेली पानं

शनिवार, दुपार
तुझ्या दाराबाहेरची पायरी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद, आणि दार उघडलंस तर वर एक टप्पल.

मी खुशाल, तूही खुशाल असशील, असं लिहून सुरुवात करायची आपली पद्धत. आज ती मोडते. तू आतून म्हणालास, "ताई, आज नको, तू घरी जा," आणि मी बरं म्हणून इथेच बसले. तोंडी बोलायला गेले की मला रडू फुटतं, मग तूच माझी समजूत घालतोस आणि गाडीत बसवून देतोस. हे दर वेळचं आहे. म्हणून लिहिते. खाली तुझे चष्म्याच्या दुकानाचे मालक उभे आहेत आणि त्यांच्या खिशात तुझ्या खोलीची दुसरी किल्ली आहे. त्यांना मी थोपवून धरलंय. अट एवढीच की मी टकटक केली की तू आतून "हं" म्हणायचं. एक "हं" चुकला की ते वर आलेच म्हणून समज.

आता म्हणालास. शहाणं बाळ.

घरची खबर सांगते. तुझे भावजी स्वयंपाक शिकतायत. परवा भात असा लागला की पातेलं घासताना माझे खांदे भरून आले, आणि हे म्हणतात, "वरचा चांगला झाला होता की!" आमच्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. आमच्या मालकीणबाईंनी एका अख्ख्या वर्गाच्या बाह्या उलट्या लावल्या आणि खापर मशीनवर फोडलं. तुझे मालक म्हणत होते की तू काचा इतक्या नीट घासतोस की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतच नाही, त्यामुळे त्यांना भांडायला माणूस मिळत नाही. या आठवड्यात तू दुकानात फिरकला नाहीस, हेही त्यांनी सांगितलं.

नमनाला घडाभर तेल झालं. मोबाइलवर तू ज्या गटात जातोस तो मला माहीत आहे, बारक्या. तिथे तुझं नाव 'धूसर'. हे पान सरकवते.

*

"तुला कुणी सांगितलं?" म्हणालास. आवाज किती बसलाय तुझा. पाणी पी आधी.

शेजारणीच्या मुलीने दाखवलं. तिची कुणी मैत्रीण तिथे असते म्हणे. ते जाऊ दे. मी सगळं वाचलं. कुठलं औषध, मिळतं कुठे, लागतं किती, हे तिथे लोक सदऱ्याचं माप विचारावं तसं विचारतात. आणि किती मायेने! कुणी कुणावर डाफरत नाही. "थकलास ना, आम्हाला कळतं," म्हणतात. ज्याला घरात दिवसभर कुणी कसा आहेस विचारलेलं नसतं, त्याला तिथे दहाजण विचारतात. ती माया खोटी असती तर मी तुला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. ती खरी आहे. फक्त हात धरून नेतात ते एकाच वाटेने. शांत झोप लागते म्हणे. परत येऊन सांगितलंय कुणी?

तू मात्र तिथेही आईचाच मुलगा. नवं कुणी आलं आणि औषधाचं विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर: "आधी जेवून ये. उपाशीपोटी असलं काही विचारायचं नाही, आमच्या घरचा कायदा आहे." वाईट बातमी असो की भांडण, सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय आपल्याकडे तोंड उघडायची सोय नव्हती. बाबांची नोकरी गेली त्या दिवशी ते मान खाली घालून जेवत होते, आणि काहीतरी बिनसलंय हे कळून आपण दोघं पुन्हा पुन्हा भात मागत होतो, जेवण संपूच नये म्हणून. आईलाही कळलं होतं. तरी वाढत राहिली.

टकटक केली, तू म्हणालास. जरा उशिरा म्हणालास. असा जीव टांगणीला लावू नकोस रे. पुढचं पान लिहायला हात धजत नाहीये.

*

शेजारणीला मुलगी नाही. दोन मांजरं आहेत. तुला हे ठाऊक आहे, तरी आतून एका शब्दाने बोलला नाहीस. म्हणजे तुला कळलंच असणार, निम्मं तरी.

त्या गटात मी माझ्यासाठी गेले होते.

कारण विचारशील. एक धड सांगता येत नाही. इतकी वर्षं आईला उठवणं, बसवणं, कूस बदलणं. ती गेली तेव्हा येणारं-जाणारं प्रत्येक माणूस म्हणालं, सुटलीस हो. मला वाटायचं, हातचं काम संपलं, आता माझा उपयोग काय? तुला सांगायला हवं होतं. पण तू धाकटा ना, तुला कशाला घोर लावायचा! एका दुपारी दुकानात जेवायची सुट्टी झाली, मी डबा न उघडता गणवेशांच्या ढिगामागे जाऊन बसले आणि तिथे जे विचारतात तेच विचारलं. नाव घेतलं होतं 'उसवण'.

उत्तर तुझं आलं.

घरचा कायदा वाचला आणि कळलं, हा 'धूसर' म्हणजे तू. पोराने मला ओळखलं नव्हतं आणि तरी जेवायला पाठवत होता. मी रडत रडत डबा संपवला. घरी जाऊन तुझ्या भावजींना सगळं सांगितलं. ते माझ्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले आणि मी जे जमवलं होतं ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. अजून जाते त्यांच्याकडे. पुरती बरी झाले असं म्हणणार नाही. पण हल्ली सकाळी जाग आल्यावर तोच विचार पहिला येतो असं नाही.

घोळ मी घातला तो पुढे. शरमेने त्या गटातून गुपचूप पळाले. तुला फोन केला, तू म्हणालास "बरंय", मीही म्हणाले "बरंय". खोटारडे दोघं. मला वाटलं, तू तिथे लोकांना माघारी धाडायलाच बसतोस. तुझं स्वतःचंही तिथे काही असेल हे मला सुचलं नाही, की सुचू द्यायचं नव्हतं, देव जाणे. आणि तिथला रिवाज मला माहीत नव्हता. माणूस गप्प झालं की ते गेलं असं धरतात आणि रिकाम्या खुर्चीचं चित्र टाकतात.

काल डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून तो गट पुन्हा उघडला. 'उसवण'साठी खुर्च्याच खुर्च्या. त्यांच्याखाली तू लिहिलेलं: "मी तिला जेवायला पाठवलं, ती परत आली नाही. माझ्याच्याने एक बाई सांभाळली गेली नाही. आता माझीही खुर्ची मांडून ठेवा."

तिथेच तुझा नंबर फिरवायला लागले. तू उचलेनास. मग मालकांना फोन केला, रात्रभर त्यांना तुझ्या दाराशी जागं ठेवलं आणि मिळाली ती गाडी पकडली.

डॉक्टरीणबाईंनी इथल्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ घेऊन दिलीय. मी बरोबर येणार आहे, तू नको म्हणालास तरी. आत तुझ्याजवळ जे काही असेल ते मालकांच्या हातात दे. मला दाखवू नकोस, माझाही भरवसा नाही अजून. मग माझ्यावर हवं तितकं चिडून घे, मी ऐकून घेईन, उलट उत्तर करणार नाही. बरं, एखादं करेन.

पण ज्या बाईपायी तू हे ठरवलंस ती गेलेली नाही, बारक्या. तू तिला राखलंस. ती तुझ्या पायरीवर बसलीय, पायाला मुंग्या आल्यात तिच्या, आणि तू दार उघडेपर्यंत ती हलणार नाही.

जिवंत असलेली,
तुझी ताई