सिंहासन मागेच असतं

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी ते बाबांना वाचायला दिलं, तिथेच चुकलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि माळ्यावरची ट्रंक काढायला शिडी मागितली. नाटकातला राजाचा झगा कसरीने खाल्लाय, पण मुकुट शाबूत निघाला. आता सकाळपासून आरशासमोर मरतायत. काल शेजारीण घाबरून धावत आली.

तुला खरंच दुःखी राजा हवा आहे ना रे? मी इथल्या चित्रपटगृहात पडद्याशेजारी बसून पियानो वाजवते, त्यामुळे तुझी कंपनी काय काढते ते मला पाठ आहे. माणसं पिठात पडतात, शिडीवरून पडतात, एकमेकांवर पडतात. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून जे शिकवलं, त्यावर मी तुझ्या लोकांच्या आपटण्याला ताल देते. त्यात बाबांचा राजा कुठे बसणार?

तू बरीच वर्षं घरी फिरकला नाहीस म्हणून सांगते, त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. मी पाटीवर लिहून बोलते. मात्र त्यांचा नियम अजून तोच आहे. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. मागे पडदा कोसळला तरी राजा वळून बघत नाही. शेवटच्या प्रवेशात ते न बघता मागे सरकायचे आणि नेमके सिंहासनावर कोसळायचे, आठवतं? आपण दोघं विंगेत एकमेकांचा हात घट्ट धरून उभे असायचो. हे कसं जमतं, असं तू एकदा विचारलं होतंस. ते म्हणाले होते की राजा सिंहासन शोधत नाही, ते मागेच असतं.

त्यांना कुणी हसू नये, एवढंच मागते. जपून पाठवते आहे, जपून परत पाठव.

तुझी,
ताई

२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महाराजांना आत्ताच गाडीत बसवून आलो. ताई, तू बघायला हवं होतंस! गोष्ट अशी की एक चित्रपट कंपनी दुःखी राजाचं चित्र काढतेय आणि तिथे सगळ्याचा बोजवारा उडतो. बाबांना फक्त दुःखी राजाचं सांगितलं. खोटं कुठे बोललो?

बाबा पुढे उभे राहून अख्खं भाषण खणखणीत आवाजात म्हणत होते. कॅमेऱ्याला कान नाहीत, त्यांनाही नाहीत, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही. मागे सुतार फळी खांद्यावर घेऊन वळले, फळीने रंगाऱ्याला उडवलं, रंगारी खळीच्या पिंपात, पिंप घरंगळत कंपनीच्या साहेबांच्या खुर्चीवर, आणि राजवाड्याची भिंत हळूहळू आडवी! रंगारी झालेल्या विदूषकाने पहिल्याच उडीत मनगट मोडून घेतलं, म्हणून त्याचा अंगरखा मीच चढवला, नाकाला लाल रंग फासला. 'माझा मुलगा पाठीशी उभा आहे, मला भय कसलं' असं बाबा म्हणतात ना, तिथे मी त्यांच्या मागे त्यांच्यासारखीच छाती काढून उभा राहिलो. कॅमेरावाल्याला हसू आवरेना, कॅमेऱ्याचा दांडा फिरवता फिरवता त्याने तोंडात रुमाल कोंबला.

बाबा एकदाही वळले नाहीत. शेवट कसा जमलाय ते सांगत नाही, तूच बघ. रागावलीस तरी पत्र पाठव, रागात पाठवतेस तसं रिकामं पाकीट नको.

तुझा,
धाकटा

१२ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बाबा आले. कंबर काळीनिळी झाली आहे. हाड शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले, पण मला दुसरंच दिसतंय. बसण्याआधी ते हात मागे नेऊन खुर्ची चाचपतात. जेवायला बसताना, दारातल्या बाकावर, सगळीकडे. न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवून आले. मुकुट शेजारणीच्या मुलीला खेळायला देऊन टाकला.

खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की सिंहासन चुकलं. सगळ्यांची हात जोडून माफी मागितली, पुन्हा घ्या म्हणाले, आणि पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदाही. तू म्हणे त्यांना उठवलंस, पाठ झटकलीस आणि पाटीवर लिहिलंस की वय झालं, चालायचंच. अंदाज गेला की नट संपला, असं ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाबांचं सिंहासन कधी चुकत नव्हतं. तू काय केलंस?

ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सिंहासनाला दोरी होती. झालं समाधान? ते मागे सरकले की मी ओढायचो, आणि ते उठून वळेपर्यंत जरा बाजूला ढकलून ठेवायचो. पहिल्यांदा कॅमेऱ्याबाहेर पडले, दुसऱ्यांदा मुकुट तोंडावर आला, तिसरं पडणं झकास. माफी मागतानाचाही तुकडा घेतलाय. सगळ्यात जास्त त्यालाच हसतात लोक. आधी सांगितलं असतं तर ते असे पडले असते का? नाटकी पडले असते.

अंदाज गेला असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे. या वयात घरी बसलेले बरे. चित्र पुढच्या महिन्यात तुमच्याकडे लागतंय, त्यांना नेऊ नकोस. आणि तू गंभीर काहीतरी वाजव, लोक आणखी हसतील.

राग ओसरला की पूर्वीसारखं चार ओळी लिहीत जा.

धाकटा

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नेऊ नको म्हणालास, पण चौकातल्या भिंतीवर त्यांचाच चेहरा चिकटवला होता. बाबा कोट घालून दारात तयार. मी पाटी घेतली, 'दोरी' एवढं लिहिलं आणि पुसलं. पुढे ती कुणी ओढली तेही लिहावं लागलं असतं.

शेवटी त्यांना पियानोजवळच्या बाकावर बसवलं, पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. हा तुमचाच नियम आहे, असं लिहिलं. त्यांना ते लगेच पटलं. शाळेत एखाद्या वृद्ध सिस्टर गेल्या की आम्ही वाजवायचो ती संथ प्रार्थना मी वाजवली. तू म्हणालास ते खरं निघालं, लोक आणखी हसले. पायांखालची जमीन हादरत होती. माणसं रुमालाने डोळे पुसत होती, खांदे गदगदत होते. बाबांनी पाटी माझ्यासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं, 'रडतायत.' मी मान डोलावली. देव मला क्षमा करो. त्यानंतर मी पियानोच्या पट्ट्यांवरून नजर उचलली नाही. दिवे लागले तेव्हा ते उभे राहून लोकांना नमस्कार करत होते आणि पोरंटोरं त्यांच्याकडे बोट दाखवत होती.

पण घरी आल्यावर ते खुर्चीत बसले ते हात मागे न नेता, सरळ! मिशीही वाढवतायत. खोट्या का होईना, त्या अश्रूंनी त्यांचा अंदाज त्यांना परत दिला. तुला माफ करायला मला वेळ लागेल. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतलाय, आभार मानायचे असतील. शरम वाटली तर वाटू दे.

ताई

२४ ऑगस्ट

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांचे दात दिसत होते. रडणाऱ्या माणसाचे इतके दात दिसत नाहीत. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी प्रेक्षकांकडे पाठ केली.

नाकाला रंग फासला होतास तरी तुला ओळखलं. छाती काढून उभं राहायला मीच शिकवलं आहे. तुझ्या हातातली दोरी पाहिली. सिंहासन जिथे असायला हवं होतं तिथेच मी बसत होतो, तिन्ही वेळा, अगदी नेमका. तेव्हा मागितलेली माफी परत घेतो.

ताईला काही कळवू नकोस. मी फसलो असं तिला वाटतं आणि त्यावर तिला सध्या झोप लागते.

तुझ्या पुढच्या चित्रात मला काम हवं. मुकुट नको. रंगाऱ्याचा अंगरखा माझ्या मापाचा करून घे. राजा तू हो. भाषण मी तुझ्याकडून पाठ करून घेईन, तुझा आवाज चांगला आहे. लोकांकडे बघून बोलायचं आणि शेवटी न बघता मागे सरकायचं. शनिवारच्या गाडीने निघतो.

सिंहासन शोधू नकोस. ते मागेच असतं. मी तुझ्या पाठीशी उभा आहे, तुला भय कसलं?

तुझे,
बाबा